आधी ऐका, मग खुशाल हसा

सन्माननीय पाळकसाहेब, पास्टोरेट कमिटीचे सेक्रेटरी, खजिनदार, सगळे पंच आणि पुढल्या चार बाकांवर बसणारी आपली मंडळी यांस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' आले, तेव्हा मी उभी राहिले होते. हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मी काय म्हणाले ते मात्र कुणाला आठवणार नाही, कारण माझं म्हणणं झालंच नाही. "मले एक सांगाचं होतं," एवढंच तोंडातून निघालं आणि हॉल हसला. मागून कुणीतरी "सांगजो ना बाप्पा!" असं ओरडलं, तेव्हा आणखी हसला. अध्यक्षांनी टेबलावर पेन वाजवला खरा, पण हसू त्यांच्याही ओठांत दाबलेलं होतं. "सिस्टर, जरा थोडक्यात," ते म्हणाले. मी खाली बसले. पुढचा विषय गाड्यांच्या पार्किंगचा होता. तो पस्तीस मिनिटं चालला.

अजून एक सांगते, लहानशीच गोष्ट आहे. खजिनदार वर्षाचा हिशेब वाचत होते तेव्हा दोघातिघांनी ओरडून हॉलमधला कूलर बंद करायला लावला होता. आकडे नीट ऐकू आले पाहिजेत म्हणून. एप्रिलातलं नागपूर, अंगातून घामाच्या धारा, तरी सगळे बिनतक्रार बसले. मी उभी राहिले तेव्हा कूलर पुन्हा सुरू झालेला होता आणि तो बंद करावा असं कुणालाच वाटलं नाही.

चौतीस वर्षं मी नर्स म्हणून नोकरी केली. तुमच्यासारखी शुद्ध मराठी मला बोलता येते, हे पत्र त्याच मराठीत लिहिते आहे. ती मी शिकले ती हसणं चुकवण्यासाठी. ट्रेनिंगला पश्चिम महाराष्ट्रात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात होस्टेलमध्ये "मी जेवाले जातो" म्हणाले आणि मुली पोट धरधरून हसल्या. आमच्याकडे बायाही 'मी जातो' म्हणतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. महिन्याभरात मी 'जाते' म्हणायला लागले. पण जीव भरून आला की 'मले'च येतं. त्या दिवशी माझा जीव भरून आला होता.

घरी गेले आणि बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक उघडलं. एकविसावा अध्याय. त्याच्या आधी ईयोबाचा मित्र सोफर बोलून गेलाय, अलीफज आणि बिल्दद हे दुसरे दोघे मित्र तर आधीपासूनच बोलतायत, आणि अंगभर फोडं आलेला हा माणूस त्यांना म्हणतो (मी माझ्या शब्दांत सांगते) की माझं बोलणं नीट ऐकून घ्या, तुमच्याकडून तेवढंच सांत्वन मला पुरे. मला बोलू द्या. बोलून झालं की मग खुशाल थट्टा करा.

हे वचन मी कितीदा तरी वाचलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं की ईयोब थट्टा बंद करा असं म्हणतच नाही. मित्रांना तो चांगला ओळखून आहे. तो फक्त क्रम लावून देतो, आधी ऐकणं, मग हसणं. माझीही तेवढीच विनंती आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

त्या तीन मित्रांबद्दल एक चांगली गोष्ट सांगायला हवी. आले तेव्हा ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. नर्स म्हणून सांगते, तेवढं काम त्यांनी पहिल्या नंबरचं केलं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. शेवटच्या अध्यायात देव अलीफजला सांगतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जे योग्य ते बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत. आणि त्यांची सुटका होते ती ईयोबाने त्यांच्यासाठी केलेल्या प्रार्थनेने. ज्याचं बोलणं वाऱ्यावर सोडलं होतं, त्याच्याच तोंडच्या शब्दांवर त्यांना थांबून राहावं लागलं.

आता सभेत मला काय सांगायचं होतं ते सांगते.

ईस्टरच्या उपासनेत साक्षी चालू होत्या. शेवटच्या बाकावरची एक बाई उठली. नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. भंडाऱ्याकडची आहे, दोन घरचा स्वयंपाक करते, नवरा पेंटिंगच्या कामाला जातो. त्या दिवसापर्यंत आपल्या चर्चमध्ये ती मोठ्यानं एक शब्द बोलली नव्हती. उठली, डोळे मिटले आणि म्हणाली, "बाप्पा, त्या दिवशी तू नळाले पानी ठेवलं, म्हणून माह्या पोरीचे डोये वाचले." एवढंच. आमेन म्हणायचंही राहिलं, बसली.

खसखस पिकली ती तुम्हाला आठवते. 'बाप्पा'वर हसले, 'डोये'वर हसले आणि देवानं नळाला पाणी ठेवलं म्हणून सगळ्यात जास्त हसले. नंतर प्रीतिभोजनाच्या वेळी तरुण संघातल्या एका पोट्ट्यानं चमचा माईकसारखा धरून तिची नक्कल केली. दुसऱ्यानं मोबाइलवर घेतली. संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांच्या फोनवर होती. माझ्याही आली. यातल्या निम्म्या पोरांकडून मी संडे स्कूलमध्ये पहिलं स्तोत्र पाठ करून घेतलं आहे, टवाळांच्या बैठकीत न बसणाऱ्या माणसाचं.

आणि मी काय केलं? पुलावाची प्लेट हातात घेऊन मी हसले. होस्टेलमध्ये माझ्यावर हसणाऱ्या मुलींसारखीच. पोरगा नक्कल बरी करतो, असंही शेजारणीला म्हणाले. हे मी सभेत सांगणार होते, आधी स्वतःचं आणि मग तुमचं.

त्या दिवसापासून ती आलेली नाही. मे महिन्यात एका संध्याकाळी मी तिच्या खोलीवर गेले. तिनं चहा केला, पोरीला बाहेर खेळायला पाठवलं आणि म्हणाली, "तुमी जा ताई. मी घरीच करतो प्रार्थना. तिथं माह्याच्यानं बोलनं होत नाही." मग मी विचारलं, जे ईस्टरला आपल्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं. पोरीच्या डोळ्यांना झालं काय होतं?

तिच्या नवऱ्याला तंबाखूची सवय आहे. चुन्याची पुडी खाटेवर पडलेली होती. पाच वर्षांच्या पोरीनं ती दोन्ही हातांनी दाबली, पुडी फुटली आणि चुना सरळ डोळ्यांत उडाला. शेजारच्या बाया ओरडायला लागल्या, तूप घाल, दूध घाल. हिनं कुणाचं ऐकलं नाही. पोरीला उचललं, नळाखाली डोकं धरलं आणि अर्धा तास पाणी सोडत राहिली. पोरगी किंचाळत होती, हात झटकत होती, हिनं सोडलं नाही. मग ऑटो करून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ते पाणी होतं म्हणून नजर राहिली. तिच्या वस्तीत नळ दिवसातून एखादा तासच असतो. चुना उडाला तो नेमका त्याच तासात.

चुना म्हणजे काय ते तुम्हाला सांगते. ॲसिड डोळ्यात गेलं तर बहुतेक वेळा वरचा पडदा जाळून तिथंच अडतं. चुना तसा अडत नाही, आत आत खात जातो. म्हणून दवाखाना गाठायच्याही आधी, पहिल्या मिनिटापासून साध्या पाण्यानं धूत राहणं हाच उपाय. चोळायचं नाही, तूप-दूध काही घालायचं नाही, पापण्या उघड्या धरून पाणी सोडत राहायचं आणि मग पळायचं. चुन्याच्या पुडीनं डोळा पांढरा झालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या आया काही वाईट नव्हत्या, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं इतकंच.

आपल्या चर्चमध्ये त्या रविवारी लहान मुलांच्या किती तरी आया बसल्या होत्या. त्यांच्यासमोर एका बाईनं एका वाक्यात सांगितलं की पाण्यानं पोरीचे डोळे वाचले. 'कसे वाचले?' एवढा एक प्रश्न कुणी विचारला असता तर ती सगळं बोलली असती. आपल्याला ऐकू आलं ते 'डोये'.

वॉर्डात हे असं मी फार पाहिलंय. रात्रपाळीला एक म्हातारा सारखा म्हणत होता, "जिवाले कसंतरीच होऊन राहिलं." नवीन आलेल्या डॉक्टरांना ते वाक्य गंमतीचं वाटलं, त्यांनी ते हसत हसत म्हणून दाखवलं आणि पुढच्या खाटेकडे वळले. आमच्याकडे माणूस 'कसंतरीच' म्हणतो तेव्हा त्याला छातीत दुखतं असं सांगायला शब्द सापडत नसतो. मी नाडी पाहिली आणि डॉक्टरांना हाताला धरून परत आणलं. म्हातारा वाचला. पुढं ते डॉक्टरही चांगले निघाले, वऱ्हाडी शिकले.

'बाप्पा'बद्दल एका वडिलांनी मला नंतर समजावलं की हा शब्द आपल्यात चालत नाही, तो गणपतीचा आहे. त्यांच्या वयाचा मान राखून सांगते, विदर्भात बाप्पा सगळ्यांचा आहे. ऊन लागलं तरी बाप्पा, लेक सासरी निघाली तरी बाप्पा. आणि गेथशेमाने बागेत प्रभूनं देवाला कोणत्या शब्दानं हाक मारली ते मार्कानं लिहून ठेवलंय. अब्बा. लिहीत होता ग्रीक, पण तो शब्द त्यानं बदलला नाही, आपल्या घरच्या अरामी भाषेतला तसाच ठेवला. पौलानंही रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिताना तो तसाच ठेवला. आपल्या मराठी शास्त्रातही आपण 'अब्बा, बापा' असंच वाचतो. अब्बा चालतो आणि बाप्पा चालत नाही, हे मला कुणीतरी शांतपणे समजावून सांगावं. मी ऐकून घेईन, मग हसेन.

उच्चारावरून माणूस ओळखायची कला शास्त्रात आहे, नाही असं नाही. शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात गिलादी लोक यार्देनेच्या उतारावर उभे राहतात आणि येणाऱ्याला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावतात. एफ्राइमी माणसाला 'श' जमत नाही, तो 'सिब्बोलेथ' म्हणतो आणि तिथंच मारला जातो. त्या वेळी एफ्राइमाचे बेचाळीस हजार पडले. आपला 'ळ' आणि 'य' यांच्यातही तेवढंच अंतर आहे. मारत आपण कुणाला नाही. ती बाई फक्त यायची थांबली.

पेत्राचं तर सगळ्यांना पाठ आहे. प्रमुख याजकाच्या वाड्यात लोक त्याला म्हणाले, तूही त्यांच्यातलाच, तुझी बोलीच सांगते. गालीलची बोली, यरुशलेमेच्या माणसाला लगेच कळायची. त्या रात्री तो शपथा घेऊन नाकबूल झाला. कोंबडा आरवला वगैरे आपण दर गुड फ्रायडेला ऐकतो. मी आता त्याच्या पुढचं बघते. वल्हांडणाच्या सणापासून पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत मध्ये फक्त सात आठवडे. तेवढ्यात पेत्रानं उच्चार सुधारून घेतले असं कुठं लिहिलेलं नाही. त्याच बोलीचा माणूस पन्नासाव्या दिवशी उभा राहतो. लोक थट्टा करतात, हे नव्या द्राक्षारसानं झिंगलेत म्हणतात. तो काय उत्तर देतो? अहो, आत्ता कुठे सकाळचे नऊ वाजलेत. (तिसरा तास म्हणजे नऊ. मला हे उत्तर फार आवडतं. चिडला नाही, घड्याळ दाखवलं.) मग पुढं बोलला आणि त्या दिवशी तीन हजार माणसं मिळाली. हसणारे तिथं होतेच, पण पूर्ण ऐकून घेणारेही होते.

आपल्याच गावाचं सांगते. मिशनरी हिस्लॉपसाहेबांचं नाव आपण केवढ्या अभिमानानं घेतो, कॉलेजला नाव आहे त्यांचं. १८४५ साली ते नागपुरात आले आणि १८६३ साली टाकळघाटाहून परत येताना नाल्याच्या पुरात गेले. त्यांच्या मागे १८६६ साली त्यांचे कागद छापले गेले. त्यात गोंडांचं लिंगोचं गाणं आहे, एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या गाणाऱ्याच्या, तोंडून ऐकून उतरवून घेतलेलं. तो माणूस कसा बोलतो यावर साहेब हसत बसले असते, तर ते गाणं त्यांच्या कागदांत उतरलं नसतं.

आणि ग्रिअर्सनसाहेबांनी सगळ्या हिंदुस्थानातल्या बोलींची पाहणी केली, तेव्हा नमुना म्हणून जागोजागी एकच गोष्ट लोकांकडून त्यांच्या बोलीत मागवली. ती होती प्रभूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राची. मराठीचा खंड १९०५ साली निघाला, त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी बोलीचे नमुने आहेत. म्हणजे ज्या बोलीवर आपण चर्चमध्ये हसतो, तिच्यातला शास्त्रपाठ शंभर वर्षांहून अधिक काळ पुस्तकात छापून पडलेला आहे. बापानं मिठी मारल्यावर तो परत आलेला मुलगा काय म्हणाला, हे आपल्या गावच्या तोंडून कसं ऐकू येतं ते वाचून दाखवा एकदा. मी वाचायला तयार आहे.

पाळकसाहेब, आता थोडं तुमच्याशी. माझ्या मुलाच्या वयाचे आहात, रागावू नका. शिलो इथं मंदिराच्या दारापाशी एली याजक बसला होता आणि हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करत होती. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. घरी सवत तिला टोचून टोचून रडवत होती, आणि देवाच्या दारी याजकानं तिला दारू प्यालेली समजलं. इतकं वाईट क्वचित कुणाच्या वाट्याला येतं. पण एलीची एक गोष्ट मी धरून ठेवली आहे. तिनं सांगितलं, साहेब, मी प्यालेली नाही, दुःखी बाई आहे. आणि त्यानं तिथल्या तिथं आपला शब्द मागे घेतला, शांतीनं जा म्हणाला, तुझं मागणं देव पुरं करो म्हणाला. कमिटी बसवली नाही. तुम्ही त्या रविवारी हसला नव्हता, मी पाहिलं होतं. तुम्ही पुढचं गीत सांगितलंत. ते थोडं लवकर झालं.

तरुण संघाला भीती घालायचा माझा विचार नाही. अलीशा संदेष्ट्याला पोरांनी टकल्या म्हणून चिडवलं आणि दोन अस्वलींनी येऊन बेचाळीस पोरं फाडली, ही गोष्ट मी संडे स्कूलमध्ये कधीच शिकवली नाही. मला ती अजून उलगडलेली नाही. पेंचचं जंगल काही फार लांब नाही, तरी निर्धास्त राहा. फक्त ती क्लिप काढून टाका, ज्याला ज्याला पाठवली त्याला सांगून काढून टाका. आणि चमचा धरणाऱ्यानं मला येऊन भेटावं, रागावणार नाही, चहा देईन. नक्कल करण्याएवढा ज्याचा कान तयार आहे त्याला ऐकणं काही अवघड नाही.

आता माझं मागणं. पाळकसाहेब, तुम्ही तिच्या खोलीवर जा. फळांची करंडी नको, फोटोवाला नको, पाळकीणबाईंना घेऊन जा आणि चुन्याची गोष्ट तिच्या तोंडून ऐका. तिला वाटलं तर आणि वाटेल तेव्हा, ती गोष्ट तिनं मंडळीला सांगावी, तिच्या शब्दांत. नोटीस बोर्डावर दर तीन महिन्यांनी शास्त्रपाठ वाचणाऱ्यांची यादी लागते, तीत तीच बारा नावं फिरतात. त्यातलं एक माझं आहे. ते खोडा आणि तिथं मागच्या बाकावरचं एक नाव घाला. वाचताना 'डोये' आलं तर 'डोये' येऊ द्या. प्रभूला हाका मारणाऱ्या आंधळ्या बार्तीमयाला गप्प राहा म्हणून पुष्कळांनी दटावलं होतं, त्याच्या उच्चारांविषयी मार्कानं काही लिहिलेलं नाही, आणि प्रभू थांबला एवढं लिहिलंय.

शेवटचं. पुढच्या मासिक सभेत मला पाच मिनिटं द्या, आयत्या वेळी नको, विषयपत्रिकेत लिहून द्या. 'मले'नंच सुरुवात करीन, तेव्हा हसायचं असेल तर शेवटी एकदमच हसा, मीही हसेन. आणि मी उभी राहिले की कूलर बंद करा. बटण हॉलच्या दारामागे आहे, खालून दुसरं.

तुमची बहीण,
आपल्या मंडळीतली एक निवृत्त नर्स
नागपूर